लुगड्यांचा आडोसा

“रक्त उसळून राह्यलं का वाहून राह्यलं?” माझे भासरे माझ्याकडे पाठ करून विचारत होते.

मी मॅंगनीजच्या ढिगाशेजारी जमिनीवर आडवी पडले होते. माझ्याभोवती यार्डातल्या बायांनी कडं केलं होतं. प्रत्येकीनं आपला पदर पसरून त्याचं टोक शेजारणीच्या हाती दिलेलं, त्यामुळे चारी बाजूंनी लुगड्यांचा आडोसा झाला होता. आत माझी जाऊ सायत्रा माझ्या मांडीवर कापड दाबून बसली होती. बाहेर तिचा नवरा, म्हणजे माझे भासरे, लाल प्लसची पेटी हातात धरून टेकडीकडे तोंड करून उभे होते.

“मले काय समजते!” जाऊबाई ओरडली. “येऊन राह्यलं, बस!”

“एकसारखं येते का झटक्या-झटक्यानं?”

“झटक्या-झटक्यानं.”

भासऱ्यांनी पेटी छातीशी धरली. मग म्हणाले, “कापडाची जाड घडी कर. त्याच्यावर तळहात ठेव. कोपर वाकवू नोको. अंगाचं सारं वजन हातावर येऊ दे.”

डोंगरटोल्याच्या खाणीत बाया जमिनीखाली जात नसत. वर आलेला माल फोडायचा, दगड वेगळा, धातू वेगळा करायचा, हे आमचं काम. वरच्या रुळावरून मालाच्या ट्रॉल्या यायच्या आणि ढिगावर उलटायच्या. ट्रॉली थांबवायला चाकाखाली लाकडाची पाचर ठोकत. त्या दिवशी पाचर निसटली. बाकीच्या बाया पळाल्या, मी वाकलेली होते म्हणून मला उशीर झाला. ट्रॉली माझ्या अंगावर नाही आली, बाजूला कलंडली, पण तिची फाटकी लोखंडी कड माझ्या मांडीत आतल्या अंगानं शिरली आणि निघाली. आधी काही दुखलंच नाही. लुगडं ओलं कशानं झालं म्हणून मी खाली पाहिलं.

आणि कडं झालं. आमच्या यार्डाचा तो जुना रिवाज होता. कोणी बाई चक्कर येऊन पडली, कोणाचा गर्भ पडला, कोणाला भर कामात कळा लागल्या, की बाया हातातल्या हातोड्या टाकून धावायच्या आणि आडोसा धरायच्या. पुरुषांनाही ते ठाऊक होतं. कडं झालं की ज्यानं त्यानं तोंड फिरवायचं, कोणी सांगायची गरज नव्हती. रिवाज काही वाईट नव्हता. त्यानं कितीजणींची अब्रू राखली असेल.

पण जमिनीवरच्या पाळीत फस्टेडवाला, म्हणजे प्रथमोपचार शिकलेला, माणूस एकच होता, आणि तो माझा भासरा होता.

ज्यांना हे नातं माहीत नाही त्यांना ते कसं सांगावं, मला कळत नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढायचा. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या अंगावर सावली पडू द्यायची नाही, आणि त्याचं नाव तर मेलं तरी तोंडातून काढायचं नाही. त्यांचं नाव आसाराम. त्यामुळे मला कोणाला साधं राम राम म्हणायची चोरी होती. मी आपली हात जोडायचे आणि गप्प बसायचे. रामनवमीला मी चैताची नवमी म्हणायचे आणि गल्लीतल्या पोरी मुद्दाम मला विचारायच्या, “फुलवंता मामी, आज कोनाचा जन्म वो?”

एका घरात राहून आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. ते आत यायच्या आधी अंगणात खाकरायचे. मी उठून भिंतीआड व्हायचे. जेवण तयार झालं की मी ताटावर वाटी वाजवायचे. त्यांना पाणी हवं असलं तर ते हवेत बघून म्हणायचे, “कोनी पानी देईल का?” त्यांचा चेहरा कसा आहे असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्यांच्या टाचा मात्र मी पैजेवर ओळखल्या असत्या, कारण मान खाली घालून मला तेवढंच दिसायचं. उजव्या टाचेला एक खोल भेग होती, ती पावसाळ्यातही भरत नसे.

फस्टेडचं शिकायला खाणीनं त्यांना नागपूरला पाठवलं होतं. तिथून आले तेव्हा त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. घरातली प्रत्येक वस्तू जखमी झाली. खाटेच्या पायाला पट्ट्या, मुसळाला पट्ट्या. माझा नवरा तेजराम याचा हात तर त्यांनी आठवडाभर गळ्यात अडकवून ठेवला. सासू म्हणायची, “अरे बापा, खाटेले काय लागलं?” मी भिंतीआड तोंडात पदर कोंबून हसायचे. त्यांना ते ऐकू जात असणार, कारण मग ते आणखी जोरात म्हणायचे, “गाठ कशी मारली पाह्य, तेजा! सुटते का पाह्य!”

त्या खाटेच्या पायाला जे मिळालं ते मला मिळत नव्हतं.

“कापड भिजलं!” जाऊबाई म्हणाली.

“भिजू दे. वरून दुसरं ठेव. पहिलं काढू नोको.”

“जरा पाहू तर थांबलं का,” कवतिकाबाई म्हणाली आणि तिनं कापड उचललं. ती यार्डातली सगळ्यांत म्हातारी बाई, तिला अडवणार कोण? मला मांडीवर ऊन ऊन लागलं.

“कोनं उचललं?” भासरे ओरडले. पाठ करून उभ्या माणसाला ते कसं कळलं, देव जाणे. कदाचित बायांच्या तोंडून एकदम जो आवाज निघाला त्यावरून कळलं असेल. “उचलू नोका म्हनलं न! सायत्रा, दाब!”

“दाबून राह्यली न मी! हात सरकून राह्यले माहे!”

जाऊबाई काडीसारखी बारीक बाई होती. सकाळपासून हातोडी चालवलेले तिचे हात आता थरथरत होते. ती दाबत होती आणि रडत होती, आणि मला तिची कीव येत होती. मला वाटत होतं, बिचारीला किती त्रास देतेय मी. मग मला थंडी वाजायला लागली. वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं आणि माझे दात एकमेकांवर आपटत होते. बायांचे आवाज लांब गेले.

“थंडी वाजते म्हनते,” कोणीतरी बाहेर सांगितलं.

भासऱ्यांनी पेटी खाली ठेवली, ती आपटल्याचा आवाज आला. “सरका,” ते म्हणाले.

कोणी सरकलं नाही.

“अवो सरका!”

“आसाराम, भासरा हायेस तू तिचा,” कवतिकाबाई म्हणाली. “जीप येऊन राह्यली आता. तू तिकडेच पाह्य.”

“जीप येईल थे मले माहीत हाये. तवपर्यंत—”

“वळा,” जाऊबाई म्हणाली. ती आधी हळू म्हणाली, मग किंचाळली. “वळा तुमी! सांगून राह्यली न मी, वळा! हे माह्याच्यानं नाही होत!”

लुगडी बाजूला झाली आणि एकदम उजेड आला. माझ्या नजरेसमोर त्या टाचा आल्या, मग गुडघे टेकले.

मी तेव्हा काय केलं ते सांगते. मांडीतून रक्त चाललं होतं आणि माझा हात मांडीकडे गेला नाही, डोक्याकडे गेला. पदर ओढायला. पण पदर होता कुठे? त्याचीच तर जाऊबाईनं घडी करून जखमेवर ठेवली होती. तोंड झाकायला काही नव्हतं, पाय उघडे, लुगडं कमरेपर्यंत सरकलेलं. मी तोंडावर कोपर घेतलं आणि म्हटलं, “नोको.” जाऊबाई नंतर सांगायची की मी त्यांना लाथही मारली. चांगल्या पायानं.

“रागव, पोरी,” भासरे म्हणाले. “घरी जाऊन रागव. आता पडून राह्य.”

माझ्या लग्नापासून ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे. मग त्यांनी दोन्ही तळहात एकावर एक ठेवले आणि अंगाचं वजन टाकलं. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की रुळावरचे पुरुषही वळून पाहू लागले.

जीपच्या मागच्या बाजूला मी आडवी आणि ते गुडघ्यावर, एवढीच जागा होती. जाऊबाईला चक्कर येत होती म्हणून तिला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. तेजराम खाली खाणीत होता, त्याला निरोप पोचेपर्यंत आम्ही निघालो होतो. तालुक्याचा रस्ता कसला, नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला ते हलायचे, पण हात हलू देत नव्हते. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या पोटरीवर पडत होता आणि मला त्याचीही लाज वाटत होती. मेलेलं बरं, असं मला त्या वाटेवर खरोखरच वाटलं. लोक म्हणतात तसं बोलायचं म्हणून नाही, मनापासून.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “हे कोणी दाबून धरलं?”

मी छताकडे पाहत राहिले.

“बाई, शुद्धीवर आहात ना? कोणी आणलं तुम्हाला? नाव सांगा त्यांचं.”

मी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांना वाटलं रक्त फार गेल्यामुळे हिला भ्रम झाला. नर्सला म्हणाले, “नावसुद्धा आठवत नाही हिला.” मी ऐकत होते. नाव मला चांगलं आठवत होतं.

मी वाचले. पाय तेवढा ओढत चालायला लागला.

घरी आले तेव्हा सासूनं दारात गोमूत्र शिंपडलं. माझ्यावर शिंपडलं ते दवाखान्यातून आले म्हणून, असं ती म्हणाली. भासऱ्यांवर कशाला शिंपडलं होतं, ते तिनं सांगितलं नाही. ती मनानं दुष्ट नव्हती. माझ्यासाठी तिनं जवसाचे लाडू करून ठेवले होते. पण पाणवठ्यावर, दळणाच्या चक्कीवर बाया तिला विचारायच्या, आणि ती घरी येऊन भांडी आपटायची.

“कुठवर हात लागला म्हने?” हा पहिला प्रश्न. “जीपमंदी दोघंच होते म्हने?” हा दुसरा. आणि मग हळूच, “पाहत कुठं होता म्हने थो?”

ज्या बायांनी आडोसा धरला होता त्यांच्यातल्याच काही विचारत होत्या, याचं मला फार वाईट वाटलं. पानठेल्यावर तेजरामला पुरुष काय म्हणाले ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. एका संध्याकाळी तो सदरा फाडून आला आणि न जेवता निजला, एवढं मला माहीत आहे.

भासरे आता अंगणात खाकरत नव्हते, कारण ते आत येतच नव्हते. ओसरीवर, घराकडे पाठ करून बसायचे. जाऊबाई ताट बाहेर नेऊन द्यायची. मी वाटी वाजवायचं सोडून दिलं. कोणासाठी वाजवायची? काही दिवसांनी ते जेवायलाही येईनासे झाले, खाणीतच भाकर मागवायला लागले. माझ्या एका पायासाठी त्या माणसाचं घर गेलं, असं मला वाटायचं, आणि मी चुलीपुढे बसून राहायचे. जाऊबाई माझ्याशी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती भांडत नव्हती. माझा पाय चोळून द्यायची आणि दुसरीकडे बघायची.

मग एक दिवस तेजराम म्हणाला, “दादानं पेटी परत केली.”

“कोनती पेटी?” मी विचारलं, जशी मला माहीतच नव्हती.

“फस्टेडची. हापिसात नेऊन ठेवली. म्हने, मले नोको आता. बायांच्या यार्डात बाईच फस्टेडवाली ठेवा म्हने. माह्या हातानं पुन्हा कोन्या बाईची इज्जत जाऊ नये म्हने.”

“असं म्हनले?”

“असंच म्हनला. साहेबानं समजावलं, ऐकलं नाही.”

“आन् तुमी?”

“मी काय बोलू? मले दादाकडे पाह्यलं का लाज वाटते.”

“त्यांची?”

“माही,” तेजराम म्हणाला. “मी खाली होतो न. थो वर होता.”

मला एक गोष्ट बोलता आली असती. जीपमध्ये ते कुठे पाहत होते, हे जगात फक्त मला माहीत होतं. चक्कीवरच्या बायांची तोंडं एका वाक्यात बंद झाली असती. पण ते वाक्य बोलायचं तर त्याआधी मला दुसरंच काहीतरी कबूल करावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडून निघत नव्हतं. नवऱ्यासमोरही नाही.

पेटी हापिसाच्या कपाटात जाऊन बसली. यार्डात पुन्हा ट्रॉल्या येत होत्या, पाचरी ठोकल्या जात होत्या आणि एखादीला लागलं तर आता टेकडीकडे तोंड करून उभं राहायलाही कोणी नव्हतं.

हिवाळा लागला तेव्हा नागपूरहून फस्टेड शिकवायला ठोंबरे साहेब आले. खाणीच्या कॅंटीनमध्ये एक टेबल मध्ये ठेवून बाकीची भिंतीला लावली आणि बायांना खाली बसवलं. भासऱ्यांचं बोलणं खाणीच्या साहेबांनी मनावर घेतलं होतं, बायांचा वर्ग निघाला होता. आम्ही सगळ्या गेलो, कारण त्या दिवसाची हजेरी लागणार होती. दारात आणि खिडक्यांत पुरुषांची गर्दी. तेजराम दाराशी होता. भासरे सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून. मला त्यांच्या टाचा दिसत नव्हत्या, पण खांद्यावरचा पंचा मी ओळखला.

ठोंबरे साहेब चांगले माणूस होते, बोलायचेही समजेल असं. ती लाल प्लसची पेटी उघडून त्यांनी एकेक वस्तू दाखवली. मग म्हणाले, “नुसतं बघून येत नाही. हातानं करावं लागतं. कोणीतरी पेशंट व्हा. या, कोण येतं?”

बाया एकमेकींच्या पाठीमागे लपल्या. एवढ्या पुरुषांसमोर टेबलावर आडवं कोण पडणार? साहेबांनी पुरुषांना विचारलं. ते हसायला लागले, एकमेकांना ढकलायला लागले.

“माही बायको घरात घेनार नाही, साहेब!”

“याले घ्या, याले लय हौस हाये बायाच्या हाताची!”

सगळे खो खो हसले. साहेबांचं तोंड उतरलं. “मग मी हे बंद करतो,” ते म्हणाले. “लिहून देतो, इथल्या बायांची तयारी नाही. पेटी कपाटात राहू द्या.” त्यांनी खरोखरच पट्ट्या गुंडाळायला घेतल्या.

दाराशी गर्दी हलली. भासरे आत आले. त्यांनी उंबऱ्याशी चपला काढल्या, कोणाकडे न पाहता टेबलापर्यंत गेले, पंचा घडी करून उशाला ठेवला आणि उताणे पडले.

मग खिडकीतून कोणीतरी हळूच म्हणालं, “आता बायाचा हात लावून घेते.” आणि कोणीतरी फिसकन हसलं.

“चूप बस,” तेजरामचा आवाज आला.

“शाबास,” ठोंबरे साहेब म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. “यांच्या मांडीला खोल जखम झाली आहे, रक्त येतंय, डोळे मिटलेले आहेत. कोण येतं पुढे?”

कोणी उठलं नाही. कवतिकाबाई जमिनीवर रेघा ओढत होती. जाऊबाईनं माझा हात धरला होता आणि तिची नखं मला टोचत होती. ते तसेच पडून होते. त्यांच्या दोन्ही टाचा टेबलाच्या कडेबाहेर आल्या होत्या, उजवीची भेग आता काळी पडली होती. आम्ही शिकावं म्हणून तो माणूस साऱ्या खाणीसमोर आडवा पडला होता. आणि कोणीच पुढे आलं नाही, तर तो तसाच उठेल, पंचा झटकेल आणि चपला घालून जाईल. त्यानंतर मी त्या घरात कोणत्या तोंडानं राहणार होते?

मी उठले. जाऊबाईनं हात सोडला.

माझा पाय फरशीवर घासत येतो, त्याचा आवाज होतो. कॅंटीनमध्ये दुसरा आवाजच नव्हता. तो जवळ यायला लागला तशी भासऱ्यांनी टेबलाची कड धरली. त्यांना कळलं कोण येतंय ते. मला वाटलं आता उठून बसतील. ते उठले नाहीत. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले, कपाळाला आठ्या पडेपर्यंत, ओठ आत ओढून.

हा चेहरा मी आधी पाहिला होता.

जीपमध्ये पाहिला होता. साऱ्या वाटेनं. ते माझ्या मांडीवर ओणवे होऊन दाबत होते आणि त्यांचे डोळे असेच घट्ट मिटलेले होते. खड्डा आला, डोकं टपाला आपटलं, तरी उघडले नाहीत. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता, तरी उघडले नाहीत. तालुका आला, नर्सनं त्यांचे हात बाजूला केले, तेव्हा आंधळ्यासारखे चाचपडत खाली उतरले. पाहत कुठं होता म्हने थो? कुठंच नाही. पाहत होते मी. भासऱ्याच्या तोंडाकडे, उघड्या डोळ्यांनी, पदर नसलेली मी, रस्ताभर पाहत होते. मरणाच्या दारात मला दुसरं काही धरायला नव्हतं म्हणून मी त्यांचा चेहरा धरून ठेवला होता. हे कोणाला सांगणार? सुनेनं भासऱ्याचं तोंड पाहिलं, हे मांडीला हात लागण्यापेक्षा मला मोठं वाटत होतं.

“हां बाई,” साहेब म्हणाले. “सगळ्यात आधी काय? पेशंट शुद्धीवर आहे का ते बघायचं. खांदा हलवायचा आणि नावानं हाक मारायची. मोठ्यानं.”

मी खांद्यावर हात ठेवला.

“हाक मारा.”

माझं तोंड उघडलं आणि बंद झालं.

“नाव माहीत नाही का तुम्हाला यांचं?”

खिडक्यांतून हसू फुटलं. बायाही हसल्या, पदर तोंडावर घेऊन.

“साहेब,” कवतिकाबाई म्हणाली, “थो तिचा भासरा हाये.”

साहेबांच्या हातातला पट्टीचा गुंडाळा तसाच राहिला. त्यांना त्या एका शब्दात सगळं कळलं असावं, कारण ते घाईघाईनं म्हणाले, “असं का? बसा बाई, तुम्ही बसा. दुसरी कोणी येईल. या तिकडच्या बाई, तुम्ही या.”

“मी?” जाऊबाई म्हणाली. “मी तं बायको हाये त्याइची! म्या लग्नातल्या उखान्यात घेतलं होतं नाव, थे घेतलं, बस!”

आता तर सगळेच हसले, तेजरामसुद्धा. फक्त टेबलावरचा माणूस हसला नाही. त्याच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. आणि मला सासूनं आपटलेली भांडी आठवली, ओसरीवरची पाठ आठवली, डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हा मी भिंतीकडे फिरवलेलं तोंड आठवलं. ज्यानं मला धरून ठेवलं त्याचं नाव मला विचारलं होतं. त्या दिवशी मला त्यांची लाज वाटली होती. आज माझी मलाच वाटली.

“थांबा,” मी म्हटलं. “येते मले.”

मी खांदा हलवला आणि हाक मारली.

“आसारामजी!”

माझा आवाज पत्र्याला लागून परत आला. कोणी हसलं नाही. मीच दचकले. तेवढं नाव घेतलं आणि काही झालं नाही, छत पडलं नाही, म्हणून मी पुन्हा हाक मारली, आणखी मोठ्यानं. “आसारामजी! ऐकू येते का?”

“ओ,” ते म्हणाले.

आईनं अंगणातून हाक मारल्यावर पोरं देतात तसा ओ. डोळे मिटलेलेच.

“अहो!” ठोंबरे साहेब वैतागले. “पेशंटनं बोलायचं नाही! बेशुद्ध आहात तुम्ही!”

“चुकलं, साहेब,” भासरे म्हणाले. मिटल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे गेलं. माझ्यामागे जाऊबाई हसत होती की रडत होती, मी वळून पाहिलं नाही.

“ठीक आहे. पुढे चला. रक्त वाहतंय. काय करायचं?”

काय करायचं ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी कापडाची जाड घडी केली. माझ्या मांडीवर जिथे वण आहे तिथेच, त्यांच्या मांडीवर, ती ठेवली. तळहातावर तळहात ठेवला. कोपरं सरळ केली आणि अंगाचं सगळं वजन दिलं.

“कापड भिजलं तर?” साहेबांनी विचारलं.

“वरून दुसरं ठेवायचं,” मी म्हटलं. “पहिलं उचलायचं नाही.”

वाकल्यामुळे माझा पदर डोक्यावरून घसरला आणि खांद्यावर आला. खिडकीतून, दारातून सगळे पाहत होते. माझे दोन्ही हात कामात होते. मी पदर तसाच राहू दिला.